चढाला लागली की टकटक: एका पेट्रोल गाडीच्या नॉकिंगचा तपास

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, इथंही तेच म्हणू. गाडी चार सिलिंडरची, १.१ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, २०११ चं मॉडेल. एका एजंटामार्फत पुण्याहून सेकंड हँड घेतलेली. नंबर अजून एमएच-१२ चाच होता, कर्नाटकात नोंद करून घ्यायची राहिली होती. मीटरवर ९४ हजार किलोमीटर. पुण्याहून आलेल्या गाडीचं मीटर किती खरं मानायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

रोजचा वापर बेताचाच. गावातून खानापूर, आणि बाजाराच्या दिवशी बेळगाव. पण लेक म्हापशाला दिलेली, त्यामुळे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी हा फेरा ठरलेला. जाताना टाकीत बेळगावचं पेट्रोल, येताना गोव्याचं, कारण गोव्यात दर कमी. सीमेवर राहणाऱ्या कुणालाही हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. पुढं याच हिशोबानं तपासात घोळ घातला.

तक्रार

२०२५ च्या उन्हाळ्यात गाडी आमच्या गॅरेजात आली तेव्हा गुरुजींनी तक्रार अगदी नेमकी सांगितली. शिक्षकी पेशाचा हा फायदा.

“जाताना काय नाही. परत येताना केरी सोडली आणि चढाला लागलं की टकटक सुरू होतंय बगा. एसी लावला की जास्त. पाय काढला की बंद. वर कणकुंबीला पोचेपर्यंत आपोआप कमी होतंय.”

थंड इंजिनला आवाज नाही. उभ्या गाडीत रेस केली तरी नाही. ऑइलचा दिवा लागत नाही. आवाज बारीक, कोरडा, पत्र्यावर खडे पडल्यासारखा.

आमच्याकडे येण्याआधी ते दुसऱ्या एका गॅरेजात जाऊन आले होते. तिथल्या मेस्त्रीनं इंजिनला स्क्रू-ड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाला धरलं आणि निकाल दिला: बेरिंग गेलंय, इंजिन उतरवायला लागणार. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा इंजिनचा दांडा) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत घासून आणायचा, बेरिंग सेट, पिस्टन रिंगा, गॅस्केट, मजुरी धरून ३५ हजार. गुरुजी ५ हजार इसार देऊनही आले होते. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, त्यामुळे गाडी पंधरा-वीस दिवस खोलून ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. आमच्याकडे ते आले ते खरं तर “लवकर कोण करून देतंय” हे विचारायला.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय

पुढचे निर्णय कळायला एवढं हवं. प्लगनं ठिणगी टाकली की ज्वाला तिथून पसरत जाते आणि दाब हळूहळू वाढतो. पिस्टन वरच्या टोकावरून (क्रँकच्या फिरण्यात मोजले तर) १२ ते १६ अंश खाली उतरला असताना हा दाब शिखरावर यावा, तर त्याचा जोर क्रँकला नीट मिळतो. पण ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं स्वतःहून पेटलं, तर दाबाचे तडाखे सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. कानाला येते ती टकटक हीच.

कारणं ठरलेली आहेत. पेट्रोलचा ऑक्टेन (आपोआप न पेटता दाब सोसायची ताकद) कमी, इंजिन जास्त तापणं, पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन, चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचा) प्लग, हवेच्या मानानं पेट्रोल कमी, बंद पडलेला नॉक सेन्सर (ही टकटक ओळखणारा), किंवा ठिणगी लवकर पडणं. शिवाय चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगानं चढ ओढायला लावणारा ड्रायव्हर.

बेरिंगचा आवाज वेगळा असतो: जड, खोल, आरपीएमबरोबर वाढणारा, बिनओझ्याच्या रेसलाही येणारा, आणि गरम इंजिनवर ऑइलचा दाब घटलेला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठरलेलाच, इंजिन खोलणं. दुसरा गुरुजींनी स्वतः करून पाहिला होता: पंपावरचं महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. त्यानं आवाज कमी झाला, पण गेला नाही. जन्मभर महाग पेट्रोल घालत राहणं हा उपाय नव्हे, असं त्यांचंच म्हणणं. तिसरा पर्याय हल्ली सगळीकडे चालतो तो, कार्बन क्लीनिंग करून नवे प्लग टाकणं. चौथा म्हणजे गाडी विकून मोकळं होणं, तो गुरुजींच्या मुलाचा होता. पाचवा, आधी कारण शोधणं आणि तोवर काहीच न बदलणं.

दुसऱ्या पर्यायात एक पुरावा दडलेला होता, त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. बेरिंगला पेट्रोल कळत नाही. ऑक्टेन वाढवल्यावर आवाज कमी होत असेल तर तो आवाज सिलिंडरच्या आतल्या जळण्याचा आहे. ३५ हजारांच्या निर्णयाविरुद्ध हा एक मुद्दा पुरेसा भक्कम होता. पण इसार दिलेल्या माणसाला नुसत्या तर्कावर माघारी फिरवता येत नाही, मोजून दाखवावं लागतं.

म्हणून पाचवा पर्याय घेतला. अट एकच घातली, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पेट्रोल, क्लीनिंग सगळं एकदम केलं आणि आवाज थांबला, तर कशानं थांबला ते कळत नाही. मग सहा महिन्यांनी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तपास: आधी बेरिंगचा निकाल

टेबलावर आरोप बेरिंगचा होता, म्हणून सुरुवात तिथूनच केली. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथं गेज लावला. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला १.३ बार, २,५०० आरपीएमला साडेतीनच्या आसपास. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून सिलिंडर आळीपाळीनं बंद केले, आवाजात कुठं फरक नाही. ऑइल काढून पाहिलं, त्यात धातूचा चुरा नाही. गुरुजी सगळा वेळ शेजारी उभे होते. इथं पहिला निर्णय झाला: इंजिन उतरवायचं नाही. त्यांनी तिथूनच फोन लावला. इसारातले ३ हजार परत आले, २ हजार “जागा अडवली” म्हणून कापले गेले.

तपास: पेट्रोलवरचा संशय

गुरुजींचा स्वतःचा संशय ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर होता. त्या उन्हाळ्यात प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच विषय. आपल्या भागात तर उसाच्या मळीपासून इथेनॉल करणारे कारखानेच आहेत, त्यामुळे प्रत्येकाला त्यावर मत.

इथेनॉलवर इतर तक्रारी असू शकतात. मायलेज थोडं घटतं, कारण त्यात ऊर्जा कमी. जुन्या गाड्यांत रबराच्या भागांचा प्रश्न येतो. पण नॉकिंगचा आरोप त्याच्यावर टिकत नाही, कारण इथेनॉल ऑक्टेन वाढवतं. साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन आपल्याकडे बरीच वर्षं ९१ होता, ई-२० साठी तो ९५ धरला आहे. एकच वाट उरते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुनी गाडी तेवढंच पेट्रोल फवारत राहिली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. ते ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यांत दिसतं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावला तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा तो कॉम्प्युटर, पाच-सहा टक्के जादा पेट्रोल देऊन भरपाई करत होता. ई-२० वर चालणाऱ्या जुन्या गाडीत एवढं दिसायचंच. पेट्रोलचा दाबही नीट होता.

राहिलं गोव्याचं पेट्रोल. आवाज नेहमी परतीच्या वाटेवर, आणि परतीच्या वाटेवर टाकीत नेहमी गोव्याचं पेट्रोल. संशय येणं साहजिक. पण त्याच वाटेवर आणखी दोन गोष्टी असतात, एक चढ आणि दुसरी समुद्रसपाटीजवळची हवा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी. केरीत हवा दाट आणि मे महिन्यात उकाडाही तसाच. त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि नॉकिंगला जोर येतो. वर जाल तसा आवाज आपोआप का घटतो, याचं उत्तर यात होतं. तरी खात्री हवी म्हणून गुरुजींना पुढच्या फेरीत बेळगावात टाकी भरून गोव्यात एक थेंबही न घालता परत यायला सांगितलं. त्यांनी तसं केलं. आवाज तिथंच, तसाच. गोव्याचं पेट्रोल सुटलं.

तपास: उष्णता, कार्बन, प्लग

थर्मोस्टॅट वेळेवर उघडत होता, पंखा लागत होता, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नसून खरंच कूलंट होतं. हा भाग लवकर संपला.

प्लग मात्र बोलका निघाला. हीट रेंज कंपनीनं सांगितलेलीच. पण तिसऱ्या सिलिंडरचा प्लग उजेडात धरला तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरीच्या पुडीएवढे काळे ठिपके, आणि त्यात एक-दोन चकाकणारे. नॉकिंगच्या तडाख्यानं पिस्टनचं अॅल्युमिनियम कणाकणानं सुटून असं चिकटतं. म्हणजे हे प्रकरण नुसतं कानाला त्रास देण्यापुरतं राहिलं नव्हतं. प्लगच्या भोकातून कॅमेरा आत घातला तेव्हा त्याच पिस्टनच्या कडेला बारीक टोचल्यासारखे खड्डे दिसले. कार्बन होता, पण वयाच्या मानानं बेताचा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं.

इथं मोह होता. कार्बन दिसलाच आहे, क्लीनिंग करून गाडी द्यावी. गिऱ्हाईकालाही ते पटतं, कारण नळीतून काळा धूर निघताना डोळ्यांना दिसतो. पण एवढ्या कार्बननं पिस्टन टोचला जावा हे पटत नव्हतं.

तपास: स्कॅनर एक सांगतो, दिवा दुसरंच

दर वेळी चोर्ल्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून हायवेवर वंटमुरीच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढायला लावून स्कॅनरचे आकडे नोंदवले. तिथं आवाज अगदी पुसट. पण इग्निशन टायमिंग (पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो आकडा) जिथं १८-२० अंश दिसायला हवं तिथं ८-१० दिसत होतं. म्हणजे नॉक सेन्सर जिवंत होता, ईसीएम त्याचं ऐकत होता आणि ठिणगी मागं ओढत, म्हणजे उशिरा टाकत होता. इंजिन स्वतःला वाचवायचा प्रयत्न करत होतं. मग एवढं मागं ओढूनही घाटात टकटक का?

हल्लीच्या गाड्यांवर टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) कुणी लावत नाही. हातानं फिरवून टायमिंग लावायचे डिस्ट्रिब्युटर गेले, फिरवायचं काही उरलं नाही, मग बघायचं कशाला? स्कॅनर आकडा देतोच. पण स्कॅनर देतो तो ईसीएमच्या मनातला आकडा. ठिणगी खरोखर कधी पडते ते क्रँक पुलीवरच्या खुणेवर उजेड टाकल्यावरच दिसतं. या गाडीला प्लगच्या वायरी असल्यामुळे क्लॅम्प लावणं सोपं होतं. आयडलला स्कॅनर म्हणत होता ८ अंश. दिव्यात खूण १७ वर थरथरत होती.

९ अंशांचा फरक. पुलीच्या आतलं रबर सुटून बाहेरचं कडं सरकलं असेल तर खूणच खोटं सांगते, हे आधी तपासायला हवं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून पुली पाहिली, खूण बरोबर शून्यावर. टायमिंग बेल्टवर संशय घेण्यात अर्थ नव्हता, कारण या गाडीत ठिणगीचा हिशोब क्रँक सेन्सरवरून (क्रँक कुठं आहे ते सांगणाऱ्या सेन्सरवरून) होतो. बेल्टचा दात सरकला तर व्हॉल्व्हचं गणित चुकतं, स्कॅनर आणि दिव्यात फरक पडत नाही. राहिला फक्त सेन्सरपासून ईसीएमपर्यंतचा रस्ता.

काय सापडलं

त्या वायरीचा हातानं माग काढत गेल्यावर बॅटरीच्या मागं, काळ्या टेपच्या जाड गुंडाळीखाली, मुठीत मावेल असा प्लॅस्टिकचा डबा निघाला. सीएनजी किटचा टायमिंग अॅडव्हान्सर.

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन १२० च्याही वर असतो, म्हणून त्याला ठिणगी आधी द्यावी लागते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे काम हा डबा करतो. क्रँक सेन्सरचा सिग्नल मधेच अडवून तो थोडा आधी पुढं पाठवतो. ईसीएमला वाटतं पिस्टन इथं आहे, प्रत्यक्षात तो अजून खालीच असतो. डब्यावरचा छोटा स्विच ९ अंशांवर होता. गॅस चालू असतानाच जागं व्हावं म्हणून त्याला गॅसच्या सोलेनॉइडमधून (गॅस सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमधून) करंट दिलेला असतो. इथं किट, टाकी, पाइप सगळं काढून नेलेलं, आणि हा डबा तेवढा राहिलेला. कारण उघड आहे: तो काढला की सेन्सरची वायर तुटते आणि गाडी सुरूच होत नाही. त्याच्या करंटची वायर मात्र थेट इग्निशनला पिळून जोडलेली. ती तशी का जोडली, जोडणाऱ्यालाच ठाऊक. चावी फिरली की डबा जागा.

आता सगळं जुळलं. बेळगावच्या उंचीवर ईसीएम जेवढं मागं ओढत होता ते जवळजवळ डब्यानं पुढं ढकललेल्याइतकंच होतं, म्हणून इथं काही जाणवत नव्हतं. केरीच्या चढावर दाट गरम हवा, चार माणसं आणि एसी आले की मागं ओढायची त्याची मर्यादा संपायची.

“आरसी दाखवा गुरुजी.”

गुरुजींनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून स्मार्ट कार्ड काढलं. इंधनाच्या रकान्यात छापलेलं: पेट्रोल/सीएनजी.

“होय की! हे मी बगितलेलं. मला वाटलं कंपनी तसंच छापतंय.”

दुरुस्ती

डबा काढला. क्रँक सेन्सरच्या वायरीला गोंगाट अडवणारं जाळीचं आवरण असतं. ते तसंच जोडून, वायरी झाळून, वर हीट-श्रिंक चढवला. नुसती पिळून टेप मारली तर पावसाळ्यात घाटातच गाडी बंद पडायची. ईसीएमची जुनी शिकवण पुसली. दिवा आणि स्कॅनर दोन्हीकडे ८ अंश. प्लगचा नवा सेट टाकला. कार्बन क्लीनिंग मुद्दाम केलं नाही, आधी घाटात काय होतं ते पाहायचं होतं.

परिणाम

म्हापशाहून येताना गुरुजींनी केरीचा चढ चढून वाटेतूनच फोन केला. चार माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये आवाज नाही. चौथ्यात वेग ३५ वर येईपर्यंत ओढली तर क्षणभर बारीक टिकटिक येते, तिसरा टाकला की जाते. हे उरलेलं काम कार्बनचं आणि सवयीचं. त्यासाठी पैसे खर्च करू नका, गिअर खाली घ्या असं सांगितलं. एकूण खर्च ३५ हजारांच्या जवळपासही गेला नाही. जास्त वेळ गेला तो तपासात, सामान थोडंच लागलं.

तिसऱ्या पिस्टनवरचे खड्डे आहेत तसे आहेत. कॉम्प्रेशन ठीक, ऑइल खात नाही, म्हणून हात लावला नाही. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा कॅमेरा घालून ते वाढलेत का पाहायचं ठरलं आहे. पिस्टन बदलायचा असेल तर तो निर्णय तेव्हा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी खरेदीच्या वेळी होती. आरसीवर सीएनजी आणि डिकीत टाकी नाही, एवढी विसंगती दिसली की एजंटाला दोन प्रश्न विचारायचे: किट कधी काढलं आणि कुणी काढलं. किट बसवणं किंवा काढणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे, त्याची नोंद आरटीओत व्हावी लागते. किट काढल्याची नोंद झालेली नव्हती, म्हणजे काढणाराही जाता जाता काम उरकणारा असणार हे ताडता आलं असतं.

पहिल्या मेस्त्रीनं आवाज कुठून येतो ते शोधलं, कधी येतो ते विचारलं नाही. चढावर येतो, पाय काढला की थांबतो, पेट्रोल बदललं की घटतो ही तीन वाक्यं गुरुजी सांगायला तयारच होते. उभ्या गाडीत इंजिनला कान लावून चढावरचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यानं जो ऐकला तो बहुधा टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) असावा.

आमच्याकडच्या क्रमाबद्दल दोन मतं होऊ शकतात. टायमिंग लाइटचं काम दहा मिनिटांचं, ते पहिल्यांदा केलं असतं तर कॅमेरा, कॉम्प्रेशन आणि गोव्याची एक फेरी वाचली असती, असं आमच्यातल्याच एकाचं म्हणणं. माझं मत वेगळं आहे. बेरिंगचा आरोप खोडल्याशिवाय गुरुजी थांबले नसते, आणि प्लग काढले नसते तर पिस्टनला झालेली इजा कळली नसती. पण वंटमुरीवर ईसीएम टायमिंग मागं ओढताना दिसला त्याच क्षणी दिवा लावायला हवा, हे मला मान्य आहे. आता सेकंड हँड गाडी नॉकिंगची तक्रार घेऊन आली की आम्ही आरसीचा इंधनाचा रकाना आधी वाचतो, आणि गाडीला प्लगच्या वायरी असतील तर लाइट पहिल्याच तासात लागतो.

कागदाचं काम गाडीच्या कामापेक्षा लांबलं. आरसीवर सीएनजी असेपर्यंत टाकीच्या दर तीन वर्षांच्या चाचणीचा दाखला कुणीही मागू शकतो, आणि इथं टाकीच नाही. शिवाय दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिलेल्या गाडीला तिथली नोंद घ्यावी लागते. म्हणून गुरुजींनी आधी पुण्यात सीएनजीची नोंद रद्द करून घेतली, मग एनओसी, आणि त्यानंतर बेळगावात केए-२२ साठी अर्ज. हा क्रम उलटा करू नये: इंधनाची चुकीची नोंद घेऊन एनओसी आली की ती इकडे दुरुस्त करताना दोन्हीकडच्या आरटीओत खेटे पडतात.